उलट्या कचेरीचा ओटा

लटारी, उद्या कोर्ट उघडतं. उन्हाळ्याची सुट्टी संपली. उद्या अकराला जज साहेब खुर्चीवर बसतील आणि पहिला पुकारा कोण देणार याचा अजून कोणालाच पत्ता नाही. कोर्टाचा नाझर म्हणाला, एखादा बदली माणूस पाहू. तुझ्या जागी बदली माणूस. मी उठलो आणि कचेरीला चार चकरा मारल्या. आजकाल माझं हेच चाललंय. घरात बसवत नाही, ऑफिसात बसवत नाही. आत्ता पूर्वेच्या पडवीत, आपल्या लांब ओट्यावर येऊन बसलोय, मांडीवर कागद घेऊन. समोर पाच पावलांवर विटांचे ढीग आहेत. ही पडवी चिणून टाकायला आणलेल्या विटा. ज्या नकाशावरून त्या आल्या, त्यावर सही माझी आहे.

आणि तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले.

पुस्तकी भाषेत लिहितोय म्हणून हसू नको. तू असतास तर म्हणालाच असतास, मुंबई राज्यात गेलो तं बोली बी मुंबईची करून राह्यला का बे? काय करू, तोंडातून वऱ्हाडी येते, पण कागद समोर आला की हात आपोआप सरकारी होतो. पंधरा वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसिअरकी केली त्याचं हे फळ. तू याच कोर्टात तेवढीच वर्षं पुकारा देत होतास. मी तुला पुकारासाहेब म्हणायचो, तू मला फूटपट्टी म्हणायचास. बरं चाललं होतं आपलं.

भांडण तर आपलं कायमचंच होतं, आणि ते या इमारतीवरूनच होतं. गावातलं शेंबडं पोरही सांगेल, ही उलटी कचेरी. रस्ता पश्चिमेला आहे. कोणतीही शहाणी इमारत तोंड रस्त्याकडे करते. आपली कचेरी रस्त्याकडे पाठ करून उभी. रस्त्याच्या बाजूला नुसती हातभर रुंदीची पडवी, तीन पायऱ्या आणि सपाट भिंत. हिंगणघाटहून येणाऱ्या परक्या माणसाला ते गोदाम वाटतं. सगळा थाट मागे, पूर्वेला. काळ्या दगडाचे सहा खांब, त्यांच्यावर विटांच्या कमानी, बैलगाडी वळेल एवढी रुंद पडवी, आणि भिंतीला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडी ओटा. हे सगळं कोणाला दाखवायचं, तर एका मोकळ्या मैदानाला आणि एका चिंचेला.

असं का, तर गावाजवळ एकच उत्तर. इंग्रज साहेबाने कापडावर डकवलेला नकाशा पाठवला, आणि मिस्त्रीने तो उलटा धरला. सहा महिन्यांनी साहेब घोड्यावर पाहायला आला तोवर खांब खांद्याला लागले होते. साहेबाने म्हणे टोपी जमिनीवर आपटली. पाडून परत बांधायची कोणाची तयारी नव्हती, म्हणून राहिलं तसंच. लग्नाच्या पंगतीत, पोळ्याच्या दिवशी, कुठेही चार माणसं जमली की ही गोष्ट निघायची आणि सगळे पोट धरून हसायचे. नकाशा उलटा धरणारा तो झिबल मिस्त्री म्हणजे तुझा आजा.

तू पण हसायचास. मला ते विसरता येत नाही. सगळ्यांत आधी तूच हसायचास, म्हणजे मग दुसऱ्यांना फार हसावं लागू नये. हे मला आत्ता कळून राहिलंय. तेव्हा मी आपला तुझ्या पाठीवर थाप मारून आणखी मीठमसाला लावायचो. पुढे तहसिलीच्या एका जुन्या कपाटात मला तो कापडी नकाशा खरोखर सापडला. केवढा आनंद झाला होता मला. पळत तुझ्याकडे आलो, इथेच, या ओट्यावर पसरला. उत्तरेचा बाण, पश्चिमेला रस्ता, आणि रस्त्याच्या बाजूला सहा खांबांची रुंद पडवी. पाहा, म्हटलं, तुझ्या आज्याविरुद्ध पुरावा. तू त्या नकाशाकडे बराच वेळ पाहत बसलास. मग म्हणालास, माह्या आज्याने रेल्वेच्या पुलांवर आठ वर्षं दगड घडवले, तिथी बी नकाशे असत. मी म्हटलं, मग एखादा पूल उलटा बांधला असेल, जाऊन पाहायला पाहिजे. तू हसलास आणि आतून हाक आली म्हणून उठून गेलास.

तुझा बाप याच पडवीत पंखा ओढायचा. भिंतीला भोक, भोकातून दोरी आत, आत जज साहेबांच्या डोक्यावर झालरीचा पंखा. बाप खाली फरशीवर बसायचा, ओट्याला पाठ टेकून, दोरी पायाच्या अंगठ्याला, आणि डोळे मिटून पाय हलवत राहायचा. वीज आली, पंखा गेला, भोक राहिलं. दोरीने घासून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्यात, त्यात मी आत्ताच बोट घालून पाहिलं. आपण शाळेतून पळून इथे यायचो. शाळेत तू दाराबाहेर बसायचास, मी आत तिसऱ्या ओळीत. आमच्या घरी तू फाटकात उभा राहायचास आणि माझी आई तुला वरून ओंजळीत पाणी घालायची. तुमच्या मोहल्ल्यात मी गेलो तर मार खायचो. गावात आपण दोघं शेजारी शेजारी बसलो ते फक्त या ओट्यावर. इथे कोणी हटकत नव्हतं. कचेरीची मागची बाजू, मागे कोण बसतं ते कोण पाहतो? वकील, मालगुजार, शेटजी सगळे रस्त्याच्या पायऱ्यांवरून आत जायचे. समुद्रपूरकडून पायी आलेली माणसं, तुमची माणसं, बाया, तारखेला आलेले म्हातारे, सगळे इथे. मी हे सगळं पाहत मोठा झालो आणि त्यातलं काही म्हणजे काही मला दिसलं नाही.

पुकारा देताना तू मधल्या दोन खांबांच्या मध्ये उभा राहायचास, अर्धं पाऊल आत. मी एकदा म्हटलं, बाहेर ये ना, मैदानात उभा राहून ओरड. तू मला समजावून सांगितलंस की बाहेर आलं की आवाज सांडून जातो, आत राहिलं की कमान तो उचलून चिंचेपर्यंत नेऊन देते. मी ओव्हरसिअर, कमानी मोजून मोजून म्हातारा होऊन राहिलेला, मला हे माहीत नव्हतं. अमुक वल्द तमुक, हाजिर हो. तीनदा. आणि दोन पुकाऱ्यांच्या मध्ये तू इतका वेळ थांबायचास की आतून नाझर चिडायचा. मी कारण विचारलं तर तू म्हणालास, चिंचेखालून एखाद्या म्हातारीले उठून इथवर याले जेवढा वेळ लागते, तेवढं थांबतो. तीन पुकाऱ्यांत माणूस आला नाही तर निकाल एकतर्फी जातो. कोणाचं शेत, कोणाचं घर जातं. तुझ्या थांबण्यामुळे किती जणांचं वाचलं असेल कोण जाणे. नाझर तुला आळशी म्हणायचा.

छप्पनच्या दसऱ्याला तू नागपूरला गेलास, पांढरे कपडे घालून, सगळ्या मोहल्ल्याबरोबर. परत आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आलास. फाटकात थांबला नाहीस. चपला काढल्यास, ओटी ओलांडलीस आणि बैठकीतल्या खुर्चीवर बसलास. खोटं कशाला सांगू, आई वारून तीन वर्षं झाली होती तरी मी आतल्या दाराकडे पाहिलं. कमलने आमच्याच कपात चहा आणला. तू तो सावकाश प्यालास आणि म्हणालास, चाय चांगला झाला वैनी. मग आपण कशावर बोललो आठवत नाही. पण तेव्हापासून तू कधी फाटकात उभा राहिला नाहीस. सरळ आत यायचास, कधी कधी मी घरात नसताना सुद्धा, आणि कमल तुझ्याशी माझ्या चहाड्या करत बसायची.

मग मागच्या हिवाळ्यात तो हुकूम आला. कोर्टाच्या जुन्या दस्तऐवजांना जागा नाही, रेकॉर्डसाठी खोली करायची, प्रस्ताव पाठवा. मी कामाला लागलो. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांचे नकाशे गिरवले होते. हा पहिला माझा. अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं मला. पूर्वेची पडवी फुकट पडलीये, तिच्या कमानी विटांनी बंद करायच्या, आत रेकॉर्ड ठेवायचं, आणि रस्त्याच्या बाजूला मोठा दरवाजा फोडून कचेरीला तोंड द्यायचं. गावाचं हसं संपवायचं. पाठवण्याआधी मी तो सगळ्यांत आधी तुला दाखवला. तुला आवडेल असं मला वाटत होतं, इतका मी मूर्ख.

तू विचारलंस, लोकं बसतील कोठी? मी म्हटलं, रस्त्याच्या बाजूला. पुढच्या मंजुरीत तिथे टिनाचं शेड येईल. पुढच्या मंजुरीत, असं तू नुसतं परत म्हणालास. दुपारचं ऊन तिथे सरळ तोंडावर येतं, हे तुला मला सांगावं लागलं. मी म्हटलं, कोर्ट आहे, धर्मशाळा नाही. मग तुझी नजर माझ्या टिपणावर गेली आणि तू म्हणालास, वाच. मी वाचलं. मूळ बांधकामात मिस्त्रीच्या चुकीमुळे इमारत उलटी झाली आहे, सदर चूक या योजनेने दुरुस्त होते. तू म्हणालास, अजून एकदा वाच. मी वाचलं.

दोन वकील बाजूला पान खात उभे होते. तू हसला नाहीस. पहिल्यांदाच हसला नाहीस. "शंकर," तू म्हणालास, भाऊ नाही, फूटपट्टी नाही, "या कोर्टात तीन पुकारे झाल्याबिगर कोणाच्या विरुद्ध निकाल होत नाई. चोर असो का खुनी असो. माह्या आज्याले तू एक तरी पुकारा देल्ला का?"

मी काय बोललो ते मला शब्दनशब्द आठवतं. वकिलांकडे पाहून बोललो. "नकाशा वाचता आला असता तं तो मिस्त्री काऊन राह्यला असता?" वकील हसले. तू खांद्यावरचा कोर्टाचा पट्टा सारखा केलास आणि आत गेलास.

दुसऱ्या दिवसापासून तू मला साहेब म्हणायला लागलास. चारचौघांत साहेब, एकटे असलो तरी साहेब. मलाही ताठा चढला. म्हटलं, एका शब्दावरून एवढं? असा कोणता मोठा दगड मारला मी? कमल दोनदा म्हणाली, जाऊन बोला एकदा. मी नाही गेलो. मला वाटायचं तू येशील, नेहमीसारखा चपला काढून सरळ आत.

तू आलास. सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी. मंजुरी येऊन गेली होती आणि मी ठेकेदारासाठी नकाशाची प्रत काढत होतो. तुझी हाक ऐकू आली, शंकरभाऊ. आवाज ओळखायला मला काय वेळ लागणार? पेन तसंच हातात धरून बसलो. म्हटलं, येईलच आता आत. बऱ्याच वेळाने दुसरी हाक आली. तेवढ्याच वेळाने, जेवढा म्हातारीला चिंचेखालून यायला लागतो. कमल स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी मान हलवली. म्हणजे जाऊ नको, घरात नाहीत असं समजू दे. मग तिसरी हाक. कमल हळूच म्हणाली, जा ना हो. मी म्हटलं, यायचं असेल तर येईल आत, त्याला काय रस्ता माहीत नाही?

तू फाटकात उभा होतास, लटारी. ते मला तेव्हा समजलंच नाही. सव्वा वर्ष तू सरळ आत येत होतास, आणि त्या दिवशी परत फाटकात. मी तुला परत तिथे नेऊन उभं केलं होतं, ओंजळीत पाणी घालायच्या जागी. आणि आत बसून म्हणत होतो की मान माझा गेलाय.

नऊ दिवसांनी पानठेल्यावर नाझराकडून कळलं की पुकारावाला गेला. असंच सांगितलं त्याने, नाव न घेता. ताप डोक्यात गेला म्हणे. तुझ्या मयतीला मी आलो होतो. तुझी माणसं जे म्हणत होती ते शब्द मला येत नव्हते, म्हणून मी नुसता हात जोडून कडेला उभा राहिलो. कोणी मला जा म्हणालं नाही, ये पण म्हणालं नाही.

आठवड्याने तुझ्या घरी गेलो. जनावैनीने चटई टाकली, पाणी दिलं. रडली नाही. मग म्हणाली, "तुमाले कोर्टात न्याचं हाय म्हणत होते भाऊजी. काईतरी दाखवाचं होतं. अंगात ताप होता, मी म्हणलं जाऊ नका, तं म्हणे शंकरले दाखवून येतो, मंग निजतो." तिने विचारलं, त्या दिवशी तुम्ही गावात नव्हते काय? मी म्हटलं, हिंगणघाटले गेलतो. तिने मान डोलावली. म्हणाली, मले वाटलंच, नाई तं तुम्ही आले असते.

तिथून निघालो तो सरळ इथे आलो. पाय ओढत आले म्हण. सुट्टीची कचेरी, कुलूप लागलेलं, चिंचेखाली चौकीदार पागोटं तोंडावर घेऊन पडलेला. तुला काय दाखवायचं होतं मला माहीत नव्हतं. पडवीभर फिरलो, खांब पाहिले, कमानी पाहिल्या, काही दिसेना. मग आज्याला एक तरी पुकारा दिला का, हे तुझं बोलणं आठवलं, आणि काय डोक्यात आलं कोण जाणे, मधल्या दोन खांबांत जाऊन उभा राहिलो, अर्धं पाऊल आत. आज्याच्या बापाचं नाव तुझ्याचकडून ऐकलेलं होतं. झिबल मिस्त्री वल्द उकंडा, हाजिर हो. आवाज फाटला माझा. तरी कमानीने तो उचलला, कारण चौकीदार उठून बसला. मी तुझ्याएवढा थांबलो. परत पुकारा दिला. चौकीदार जवळ आला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तसाच उभा राहिला. तिसरा पुकारा दिला आणि भोकाच्या बाजूच्या टोकाला, जिथे तुझा बाप पाठ टेकायचा तिथे, ओट्यावर बसलो.

हात मागे टेकला तर तळव्याला खरखरीत लागलं. ओटा आणि भिंत जिथे मिळतात तिथला चुना कोणी तरी खिळ्याने खरवडला होता. पंजाएवढी जागा. ताजी. पांढरी भुकटी अजून ओट्यावर पडलेली. मी वाकून पाहिलं. चुन्याखाली सांधा पाहिजे होता. भिंत आधी होते, ओटा मागून तिला चिकटवतात, मध्ये सांधा राहतोच. इथे सांधा नव्हता. ओट्याचा दगड तसाच्या तसा भिंतीत शिरला होता. चौकीदाराकडून किल्ली घेतली, आत गेलो. जज साहेबांच्या खुर्चीमागे, भिंतीच्या पायथ्याशी, त्याच उंचीला तू तिथेही खरवडून ठेवलं होतंस. तोच काळा दगड. आरपार. दोन हात जाडीची भिंत त्या दगडांवर उभी आहे, लटारी. बाहेर ज्याच्यावर आपण पाय हलवत बसायचो, त्याच दगडाच्या शेपटीवर आतलं कोर्ट उभं आहे. तापाने फणफणलेल्या अंगाने तू मला हे दाखवायला बोलवायला आला होतास.

घरी येऊन कापडी नकाशा काढला. शंभरदा पाहिलेला तो नकाशा. त्यात ओटा नाही. पडवी आहे, खांब आहेत, ओटा कुठेच नाही. साहेबाच्या पडवीत बसायचं नसतं, बूट वाजवत फिरायचं असतं. म्हणजे भिंतीचा पहिला थर चढायच्या आधी, जोतं होत असतानाच, तुझ्या आज्याने ठरवलं होतं की इथे माणसं बसतील. दिवस दिवस बसतील. त्यांच्यावर दुपारचं ऊन येता कामा नये, आणि त्यांना कोणी उठवता कामा नये. पडवी पुढच्या बाजूला बांधली असती तर त्याच्या माणसांना तिथे कोणी टेकू दिलं असतं? म्हणून पुढची बाजू मागे नेली आणि वर गप्प राहिला. टोपी आपटून घेतली, मूर्ख म्हणवून घेतलं. नकाशा उलटा धरला, एवढ्यावर त्याने निभावून नेलं. तुम्हा तीन पिढ्यांनी ते हसणं झेललं, आणि इमारतीच्या एकाही कागदावर तुमचं नाव नाही.

एखादा वकील म्हणेल, आधी चुकला असेल आणि चूक कळल्यावर ओटा घातला असेल. म्हणू दे. मीही रोज तोच विचार करून पाहतो, सवय जात नाही. मग दुपारी इथे येऊन बसतो आणि ऊन कुठवर येतं ते पाहतो. बारानंतर ते ओट्याला शिवतसुद्धा नाही. मला पुरे आहे.

नवीन टिपण लिहिलं. बसने वर्ध्याला जाऊन वरच्या साहेबांच्या हातात दिलं. पडवी पूर्वेला आहे ती विचारपूर्वक आहे, ती बंद करू नये, रेकॉर्डची खोली उत्तरेच्या अंगणात बांधावी. आणि मिस्त्रीचं नाव घातलं, बापाच्या नावासकट. साहेबांनी जुनं टिपण काढून शेजारी ठेवलं आणि विचारलं, चूक म्हणून तुम्हीच लिहिलं होतं ना? मी म्हटलं, हो साहेब, चूक झाली होती, ती माझी. हे बाकी कायम नोंदलं जाईल, असं ते म्हणाले. बढतीची यादी त्यांच्याच टेबलावर असते. काल चिठ्ठी आलीये. काम तूर्त थांबवावे. त्या तूर्त शब्दाने माझी झोप उडवलीये. विटा आहेत तशाच आहेत. त्या परत भरून गाडी जाताना मी डोळ्यांनी पाहीन तेव्हा खरं.

उद्या बदली माणूस आला की त्याला मी मधल्या खांबांत नेऊन उभा करणार आहे. अर्धं पाऊल आत, आणि म्हातारीएवढं थांबायचं. नाझर ओरडला तर माझ्यावर ओरडेल. पण त्याच्या आधी, सकाळीच, जनावैनीकडे जायचंय. मी हिंगणघाटला गेलो नव्हतो हे तिला सांगायचंय. तिने चटई टाकली नाही तर उभ्याने सांगेन.

कोर्टाचा नियम तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तीन पुकारे तू दिलेस, नीट थांबून थांबून दिलेस. माझ्याविरुद्ध निकाल एकतर्फी होऊन गेला आणि त्यावर अपील नाही. ते मागायला मी आलोही नाही. एवढंच तुझ्यापाशी नोंदवून ठेवतो, की मी घरातच होतो, लटारी. तिन्ही वेळा ऐकलं. हजर होतो आणि ओ दिली नाही.